बाराच्या पुढं न जाणारे सर

लग्नाचा फोटो मोबाइलवर आला की आपण काय करतो? दोन बोटं ठेवून ताणतो. कोणी कोणती साडी नेसली, कोणाच्या गळ्यात काय आहे, हे बघून घेतो. आमच्या सरांसमोर मी एकदा हे केलं आणि सरांनी माझ्या हातावर चापट मारली. मी दोन मुलांची आई, पुलगावच्या भर बाजारात मोटारपंप आणि पाइप-फिटिंगचं दुकान चालवणारी बाई. समोर गिऱ्हाईक उभं, आणि हा माणूस मला चापट मारतो! गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरकलं.

“वाढवू नको,” सर म्हणाले. “जेवढं आलं तेवढंच पाय. वाढवलं का खोटं दिसते.”

त्यांनी मला शाळेत फिजिक्स शिकवलं होतं, त्यामुळे उलटून बोलायची सोय नव्हती. मी मोबाइल पालथा ठेवला. गिऱ्हाइकाला काय वाटलं असेल, या विचारानं माझे कान मात्र दिवसभर तापलेले होते.

सर रिटायर झाले होते, पण शिकवणं काही सुटलं नव्हतं. गावाबाहेर पडीत जमिनीवर रायफल क्लबची रेंज आहे. एका टोकाला टिनाची शेड, दुसऱ्या टोकाला मातीचा उंच बांध, मध्ये तीनशे मीटर वाळलेलं गवत. दर रविवारी सर तिथं असत. शाळेत असताना एन.सी.सी.त माझा नेम बरा होता, हे त्यांच्या लक्षात राहिलं होतं. एक दिवस ते नळाचा वायसर घ्यायला दुकानात आले, वायसर घेतला आणि म्हणाले, “रविवारी येजो. झोपून नेम मारता येते का अजून, पाहू.” मी गेले ते हसण्यावारी. पहिली गोळी सुटली, खांद्याला धक्का बसला, बांधावर धूळ उडाली, आणि मला कळलं की हे आता सुटायचं नाही. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “जा बाप्पा. दुकानात आमच्यावर मारते त्याच्यापेक्षा तिकडं मारलेलं बरं.”

रायफलीवर जी दुर्बीण बसवतात तिला आम्ही स्कोप म्हणतो. तिच्यावर एक कडं असतं. ते फिरवलं की समोरचं जवळ येतं. माझी दुर्बीण सहापासून चोवीसपर्यंत जायची, म्हणजे तीनशे मीटरवरचं टार्गेट चोवीसपट मोठं दिसायचं. नवी आली तेव्हा मी कडं शेवटपर्यंत फिरवून डोळा लावला आणि हरखून गेले. काळ्या गोलातली पांढरी रेघ दिसत होती, रेघेवर बसलेली माशी दिसत होती. एवढं दिसत असताना नेम चुकेलच कसा?

सर मागून आले, खाली वाकले, कडं फिरवून बारावर आणलं आणि खिशातून दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी काढून कड्याभोवती चार वेढे मारले. मी बघतच राहिले. माझी कोरी करकरीत दुर्बीण! नवऱ्याला, सासूला, सगळ्यांना पटवून आणलेली! प्लॅस्टर घातलेल्या हातासारखी ती माझ्यापुढं पडली होती.

“सर, हे काय केलं?”

“बाराच्या पुढं जायचं नाई.”

“मग चोवीसची घ्यायला काऊन लावली?”

“म्या कुठं लावली? तूच घेतली.”

हे खरं होतं. पण खरं असलं म्हणून राग येत नाही असं थोडंच आहे! मी तो आठवडाभर सरांच्या नावानं दुकानातले पाइप आदळत होते.

बाराचंच का, हे त्यांनी मला रेंजवर नाही, त्यांच्या स्वयंपाकघरात शिकवलं. भर उन्हाळ्याची सकाळ. काकू भाकरी टाकायच्या तयारीत, गॅसवर तवा चढलेला. सरांनी मला बैठकीच्या खोलीत खुर्चीवर बसवलं, माझी दुर्बीण पुस्तकांच्या चळतीवर टेकवली आणि तव्याच्या अगदी वरून पलीकडच्या व्हरांड्यातलं कॅलेंडर बघायला लावलं. त्या दिवसापुरती चिकटपट्टी काढली होती. कडं चोवीसवर केलं तर कॅलेंडरातल्या तारखा पाण्यात पडल्यासारख्या हलत होत्या, एकमेकीत शिरत होत्या. बारावर आणलं की तारखा जागेवर उभ्या, थोड्याच थरथरत होत्या.

“ही तव्याची हवा,” सर म्हणाले. “आपल्या वर्धा जिल्ह्यात फागुन लागला का सारी जमीन तवा होते. चोवीसवर तुले टार्गेट मोठं दिसन, पन टार्गेटासंगं ही हवाही मोठी होईन. तू मंग टार्गेटावर नाई, हवेवर गोळी मारशीन.”

“अवो, भाकर टाकू द्या!” काकू पिठाचे हात घेऊन उभ्या होत्या.

“थांब न जरा. पोरगी शिकून राह्यली.”

“पोरगी शिकन, पन आपण जेवू कवा?”

तवा लाल व्हायला आला तरी सर हटेनात. शेवटी काकूंनी चिमट्यानं तवा उचलला आणि सरळ मोरीत नेऊन ठेवला. मला हसू आवरेना. सर मात्र गंभीर. तवा गेला तशा तारखा स्थिर झाल्या, म्हणून त्यांनी लगेच मला पुन्हा डोळा लावायला सांगितलं. काकूंचा राग हासुद्धा त्यांच्या प्रयोगातला एक भाग झाला होता.

हे शिकवणं पुढं रेंजवर चाललं. भर दुपारी, डांबर वितळतं तेव्हा, आम्हाला पालथं झोपवायचं आणि गोळी न देता नुसतं बघायला लावायचं. हवा कुठं वाहते, उजवीकडं की डावीकडं, की जागच्या जागी उकळते. रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघत. दारूगोळ्याच्या डेपोत नोकरीला असलेल्या एका सभासदाला उन्हानं चक्कर आली तर सर त्याच्या तोंडावर पाणी मारत म्हणाले, “आता सांग, हवा कोनतीकडं होती?” त्या सभासदानं पुढच्या रविवारपासून येणं सोडलं. मला तेव्हा सर निर्दयच वाटले, आणि अजूनही वाटतात.

गावात कोणी काही काळजी सांगितली, पोराचे मार्क, जावेचं भांडण, गुडघ्याचं दुखणं, की सर विचारत, “कितीवर पाहून राह्यला?” समोरच्याला कळत नसे. “बारावर आन,” सर सांगत आणि निघून जात. असल्या उत्तरानं कोणाचा गुडघा बरा होतो?

एक गोष्ट मात्र मला खटकायची. सर स्वतः दरवर्षी निवड चाचणीत उतरत. बारावर, अर्थातच. आणि दरवर्षी चौथे नाही तर पाचवे येत. शेवटचे कधी नाहीत, पहिले कधी नाहीत. मी त्याबद्दल विचारलं की म्हणत, “हवा होती.” हवा सगळ्यांनाच होती, पण हे त्यांना कोण सांगणार.

तर त्या वर्षीची चाचणी. जिल्ह्यातून राज्य स्पर्धेसाठी दुर्बिणीच्या प्रकारात एकच जागा होती, आणि ती मला हवी होती. का हवी होती, ते सरळ सांगते. दुकानाच्या पाटीवर सासऱ्यांचं नाव आहे. घराच्या दारावर नवऱ्याचं. रेशन कार्डावर मी आहे, पण ते काही मिरवायचं नाव नव्हे. राज्याच्या यादीत माझं नाव छापून यावं, एवढंच मला पाहिजे होतं, आणि ते इतकं पाहिजे होतं की महिनाभर मला जेवण गोड लागत नव्हतं. सरांना हे मी बोलले नव्हते. पण त्यांनी ओळखलं असावं, कारण त्या वर्षी त्यांनी स्वतः नाव दिलं नाही. “मी तुह्या मागं बसतो,” म्हणाले. शिकवणाऱ्याला मागं खुर्ची टाकून बसायची मुभा होती.

माझं टार्गेट सहा नंबरचं. सात नंबरवर आमच्याच जिल्ह्यातल्या कारंज्याचा एक ढाबेवाला होता. दणकट माणूस, आवाज ट्रकच्या हॉर्नसारखा, पण नेम असा की बघत राहावं. सकाळपासून आम्ही दोघं बरोबरीनं चाललो होतो, बाकीचे मागं पडले होते. शेवटची दहा गोळ्यांची फेरी दुपारी सुरू झाली. हवा उकळत होती. मी बारावर, चिकटपट्टी जागेवर. एक गोळी मारायची, बांधामागच्या खड्ड्यातली माणसं काठीला लावलेली चकती वर करून किती गुण पडले ते दाखवायची, मग दुसरी. बहुतेक दहा, एखाददुसरा नऊ. ढाबेवाल्याचंही तेच.

शेवटच्या गोळीच्या आधी ढग आला. रेंजवर सावली पडली आणि बघता बघता हवा शांत झाली. तेवढ्यात मागून सरांचा आवाज आला. हळू, घोगरा.

“वाढव.”

मला वाटलं मला भास झाला. मी हलले नाही.

“वाढव म्हनतो न! हवा बसली. चोवीस कर. दहाच्या मधोमध मारशीन.”

मी मान वळवून बघितलं. सरांचा चेहरा पांढरा पडला होता आणि ओठ कोरडे होते. ज्या माणसानं फोटो वाढवला म्हणून मला बाजारात चापट मारली, तो माणूस मला भर चाचणीत चोवीस म्हणत होता! देवळातल्या पुजाऱ्यानं देवाकडं पाठ करावी तसं मला झालं. पण सरांचं ऐकायची सवय हाडात गेलेली. मी नखानं चिकटपट्टी टराटरा काढली, कडं शेवटपर्यंत फिरवलं, गोळी भरली आणि डोळा लावला.

समोर पांढरा बोर्ड, मधोमध काळा गोल, रेघ न् रेघ स्वच्छ. इतका सुंदर गोल मी आयुष्यात पाहिला नव्हता. श्वास अर्धा सोडला. गोळी गेली. माझ्या हाताला कळलं की दहा आहे.

आणि मागून सर ओरडले, “गेली! शेजारच्याकडं गेली!”

कड्याच्या झटापटीत रायफलीचं तोंड जरासं उजवीकडं सरकलं होतं. बारावर असते तर बोर्डावरचा सात आकडा दिसला असता. चोवीसवर नुसता गोल दिसतो, तो कोणाचा आहे हे दिसत नाही. मी सात नंबरच्या टार्गेटवर, ढाबेवाल्याच्या बोर्डावर, गोळी मारली होती. सर मागं त्यांच्या स्वतःच्या दुर्बिणीतून बघत होते, कमी पॉवरवर. त्यांना सातच्या मागं उडालेली धूळ दिसली. दिसली ती दिसली, बोंब मारायची काय गरज होती? ढाबेवाल्यानं त्याच क्षणी आपली गोळी मारली होती. आता त्याच्या बोर्डावर दोन नवी भोकं होती, एक दहाचं आणि एक आठचं.

पंच धावत आले. सातवाल्यानं दोनदा मारलं की सहावालीची चुकून गेली, याची चौकशी सुरू झाली. मी अजून पालथीच होते. आणि माझे सर, माझे स्वतःचे गुरू, पंचांपुढं छाती काढून सांगत होते, “दहा हिचं होय! आठ त्याचं. हिचं आठ पडनच नाई. म्या शिकवलं हिले!”

झालं. गोळी माझी होती हे त्यांनीच कबूल करून दिलं. नियम असा की कोणतं भोक कोणाचं हे नक्की करता आलं नाही, तर जे चांगलं असेल ते बोर्डाच्या मालकाचं. भोकावर काही नाव लिहिलेलं नसतं, आणि दहा कोणाचं, यात गुरूची साक्ष पंच धरत नाहीत. माझं दहा ढाबेवाल्याच्या खात्यात गेलं. माझ्या शेवटच्या गोळीचं शून्य. राज्याची जागा त्याला मिळाली.

ढाबेवाला माझ्याकडं आला, हात जोडले. “ताई, हे दहा तुमचं होय. मले माह्या हातचं माईत हाय. म्या पंचायले सांगतलं, पन ते ऐकून नाई राह्यले.” भला माणूस. पण भला आहे म्हणून मला त्याच्याकडं बघवेना. मी सरांकडं बघितलं. ते खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी गुडघे चोळत होते. घरी येऊन मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि रडले. नवऱ्यानं त्या रात्री गंमत केली नाही, खिचडी टाकली.

दुसऱ्या दिवशी सर दुकानात आले. मी पंपाचं झाकण खोलत बसले होते, वर बघितलं नाही.

“नंबर पाह्यला पायजे होता,” सर म्हणाले.

मग मात्र माझा ताबा सुटला. “तुम्ही कधी शिकवलं का मले नंबर पाहायचं? बारावर नंबर आपोआप दिसते! चोवीसवर जायचंच नाई म्हटल्यावर चोवीसवरची सवय लागन कशी? आणि वाढव म्हटलं कोणी? म्या?”

सरांनी काउंटरवरचा एक नट उचलून त्याचे आटे अंगठ्यानं चाचपले.

“बरोबर हाय,” ते म्हणाले. “आता तू चोवीसवर मार. जशी हवा असन तशी. पन आधी नंबर वाच, मोठ्यानं वाच, मंग बोट लाव. अन् मी येत नाई आता.”

“कुठं येत नाई?”

“रेंजवर. मी मागं असलो का माह्या तोंडातून बाराच निंघन. नाई तं भलत्या वेळी भलतंच निंघन.”

मला वाटलं रागात बोलतात, रविवारी येतील. रविवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. लेकीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, अंगाला हळद असताना रेंजवर आलेला हा माणूस. मी काकूंना रस्त्यात विचारलं तर त्या म्हणाल्या, “रविवार आला का कपडे घालून बसतात. सँडल घालतात. मंग काढून ठेवतात.” मी त्यांच्यावर रागावले होते, पण इतकी शिक्षा मी मागितली नव्हती. जाऊन त्यांना बोलवावं असं दहादा मनात आलं. पण ते मागं असताना माझा चोवीसवर हात जाणार नाही, हेही मला ठाऊक होतं. मी गेले नाही.

वर्षभर मी मोठ्यानं आकडे वाचत गोळ्या मारल्या. रेंजवरचे लोक हसायचे. सकाळी हवा थंड असली की चोवीस, ऊन चढलं की अठरा, दुपारी बारा. कडं मोकळं होतं, ठरवायचं मला होतं. आणि पुढच्या चाचणीला मी निवडले गेले. शेवटची फेरी या वेळी सकाळी झाली. ढाबेवाला दुसरा आला आणि त्याच्या त्या आवाजात सगळ्यांना चहा सांगत सुटला.

मी रेंजवरून थेट सरांच्या घरी गेले. सर व्हरांड्यात बसले होते, शर्ट-पँट घालून, पायात सँडल. मला बघून उठून उभे राहिले. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू हे होणारच होतं.

“कितीवर?”

सगळ्या रस्त्यानं मी याच प्रश्नाला घाबरत आले होते. बारा म्हणून टाकावं असं मनात आलं. म्हातारा खूश होईल. कोण तपासायला जातंय! पण ज्यांनी मला बघायला शिकवलं त्यांच्याशी काय बघितलं याबद्दल खोटं बोलणं मला जमेना.

“चोवीसवर,” मी म्हणाले.

सर खाली बसले. मग एकदम त्यांनी आत हाक मारली, “अवो, ऐकलं का? चोवीसवर मारलं पोरीनं! चोवीसवर!” आवाज असा की शेजारचे बाहेर आले. मी त्यांना असं आनंदलेलं कधी पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

काकू पदराला हात पुसत आल्या. त्यांना त्या आकड्यांतलं फारसं काही कळत नव्हतं. एवढंच कळलं की बाराच्या पुढं गेलं की जिंकता येतं. त्यांनी अगदी साधेपणानं विचारलं, “मंग तुम्ही इतके वर्ष काऊन नाई मारलं चोवीसवर?”

मला वाटलं सर आता हवेचं सांगतील. तव्याचं सांगतील.

“बारावर काही दिसतच नाई ना नीट,” सर म्हणाले. “चुकलं तं हवेवर ढकलता येते. चोवीसवर सारंच दिसते. मंग चुकलं तं आपलंच चुकलं.”

सरांनी वाकून सँडलचा पट्टा सोडला.

“भेव वाटे वो,” ते म्हणाले.